स्टोव्हच्या पाठीवरची पट्टी

पेलेट स्टोव्हच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळून खोली गरम करणाऱ्या शेगडीच्या, धंद्यात गिऱ्हाईक फसतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, असं माझं आता ठाम मत आहे. पहिली कडक थंडी पडलेली असते, चांगल्या दुकानांच्या इन्स्टॉलेशनच्या तारखा जानेवारीपर्यंत भरलेल्या असतात, आणि ‘पुढच्या आठवड्यात लावून देतो’ म्हणणारा एखादाच भेटतो. आपण त्याच्याकडे जातो. त्याला हे पक्कं माहीत असतं. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन मराठी कुटुंबांनी अलीकडे या स्टोव्हबद्दल विचारलं, फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या वर डोंगराकडच्या एका गावात राहतो. इथे गॅसची पाइपलाइन नाही. या भागातल्या जुन्या घरांत असते तशी आमच्याही तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी आहे आणि बॉयलर त्यावर चालतो. २०२२ मध्ये हीटिंग ऑइल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं. एकदा टाकी भरली की हजार-बाराशे डॉलर गेले, आणि जानेवारीत ती टाकी बघता बघता खाली जाते. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ऐंशीच्या पुढे. तेल वाचवायला थर्मोस्टॅट ६४ फॅरनहाइटवर आणला की त्यांचे गुडघे आखडतात. विजेवर चालणारा हीट पंप का नाही, हा प्रश्न हमखास येतो. आमचं इलेक्ट्रिक पॅनल १०० अँपिअरचं आणि जुनं, ते बदलायचा खर्च तेव्हा झेपणारा नव्हता. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बैठकीच्या खोलीसाठी पेलेट स्टोव्ह घ्यायचं ठरवलं.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या. त्यात वेगळा डिंक बहुधा घालावा लागत नाही. दाबताना भुसा तापतो आणि लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन कांडी घट्ट धरून ठेवतं. सासूबाईंच्या हातावर मी चार कांड्या ठेवल्या. त्यांनी एक नखाने मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर वखारीतला भुसा.” मग त्यांनी त्यांच्या माहेरची भुशाची शेगडी समजावून सांगितली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद वर काढायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. भुसा सैल भरला गेला तर मध्येच ढासळतो आणि खोलीभर धूर होतो. पेलेट स्टोव्हचं तत्त्व यापेक्षा फार वेगळं नाही, फक्त भुसा ठासायचं काम कारखान्यात झालेलं असतं आणि जळण घालायचं काम मोटर करते. वर हॉपर असतो, त्यात ४० पौंडांची पिशवी ओतायची. खाली ऑगर, म्हणजे फिरणारा लांब स्क्रू, थोड्या थोड्या कांड्या ढकलून एका छोट्या लोखंडी भांड्यात टाकतो. इग्नायटर त्या पेटवतो. एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा खोलीत फेकतो. अमेरिकेत हा घरगुती प्रकार १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातून पसरला. बोइंगमध्ये काम केलेल्या जेरी व्हिटफील्ड या इंजिनिअरचं त्यात मोठं श्रेय मानतात.

दुकान वूस्टरपासून फार लांब नव्हतं. नाव मी इथे देणार नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या अटर्नी जनरलच्या कार्यालयात मी पुढे केलेल्या तक्रारीत ते आहे. मालक पन्नाशीचा, अतिशय गोड बोलणारा. काचेमागे तीन-चार स्टोव्ह पेटवून ठेवलेले आणि दुकानात इतकी सुखद ऊब की बाहेर जावंसं वाटू नये. त्याने तासाभरात आम्हाला जे जे सांगितलं त्यातलं बरंचसं मी वहीत लिहून घेतलं, आणि पुढे ती वहीच कामाला आली.

त्याचं पहिलं वाक्य होतं, “तुमचं तेलाचं बिल निम्मं होईल.” हा हिशेब कुणालाही मांडता येतो. पेलेटच्या एका पौंडात सुमारे ८,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) असतात. एक टन म्हणजे इथले २,००० पौंड, ४० पौंडांच्या ५० पिशव्या, म्हणजे १ कोटी ६० लाख बीटीयू. तेलाच्या एका गॅलनमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू. म्हणजे टनभर पेलेट सुमारे ११५ गॅलन तेलाच्या बरोबरीच्या, आणि बॉयलर व स्टोव्ह यांच्या कार्यक्षमतेतला फरक धरला तर ११० च्या आसपास. मला तेव्हा टनाला साडेतीनशे डॉलर पडत होते आणि तेल सव्वाचार डॉलर होतं. बचत पाव भागाची होती. पाव भागही आम्हाला पुष्कळ होता, त्यासाठी निम्म्याची थाप मारायची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न सासूबाईंचा. त्या इचलकरंजीच्या, लोडशेडिंगमध्ये संसार केलेल्या. त्यांनी मला मराठीत विचारलं, “वीज गेली की काय होतं याचं?” मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, “काळजीच करू नका, चालू राहतो.” हे धडधडीत खोटं आहे. ऑगरला मोटर आहे, दोन्ही पंखे विजेवर, इग्नायटर विजेवर, कंट्रोल बोर्ड विजेवर. वीज गेली की नुसता स्टोव्ह विझत नाही, धूर ओढणारा पंखाही थांबतो आणि भांड्यात जळत असलेल्या कांड्यांचा धूर घरात परतू शकतो. बॅटरी बॅकअप लावता येतो, पण तो वेगळा घ्यावा लागतो. आमच्या शेजारचे आजोबा बरीच वर्षं पेलेटच जाळतात. ते म्हणाले, “२००८ च्या डिसेंबरमध्ये तो माणूस कुठे होता ते विचार त्याला.” त्या बर्फवादळात झाडांवर आणि तारांवर बर्फाचा जाड थर बसला, न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क राज्यात मिळून दहा लाखांहून जास्त घरा-दुकानांची वीज गेली आणि आमच्या भागातल्या कित्येकांना आठवडाभर किंवा त्याहून जास्त अंधारात काढावे लागले.

तिसरी गोष्ट करसवलतीची. तेव्हा पेलेट स्टोव्हच्या एकूण खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर, फेडरल टॅक्समधून परत मिळत. अट एकच, स्टोव्हची कार्यक्षमता एचएचव्ही पद्धतीने मोजून किमान ७५ टक्के हवी. एचएचव्ही म्हणजे जळणातल्या पाण्याची वाफ होताना जी उष्णता जाते तीही हिशेबात धरायची. दुसऱ्या पद्धतीत, एलएचव्हीमध्ये, ती धरत नाहीत, त्यामुळे तोच स्टोव्ह कागदावर जास्त चांगला दिसतो. मालकाच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ८० च्या पुढचा आकडा होता. घरी येऊन मी ईपीएची, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची, यादी उघडली. प्रमाणित स्टोव्हची ही यादी कुणालाही फुकट बघता येते. त्यात त्या मॉडेलची एचएचव्ही कार्यक्षमता ७५ च्या खाली होती. मी फोन करून सांगितलं की हे मॉडेल नको. त्याने कुरकुर न करता दुसरं मॉडेल सुचवलं, ते यादीत ७५ च्या वर बसत होतं. किंमत इन्स्टॉलेशन धरून पाच हजार दोनशे डॉलर. रोख दिले तर पाच टक्के सूट, असं तो दोनदा म्हणाला. मी अनामत क्रेडिट कार्डावर दिली आणि ऑर्डरच्या कागदावर त्याच्यासमोर लिहून घेतलं: उरलेली रक्कम टाउनच्या (गावाच्या पालिकेच्या) इन्स्पेक्शननंतर. त्याने सही केली.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ओळखीतले पुष्कळजण इथेच गप्प बसतात. दुकानदारासमोर अट लिहून घ्यायला आपल्याला संकोच वाटतो, माणूस एवढं चांगलं बोलतोय, त्याला काय वाटेल. प्रामाणिक दुकानदाराला काही वाटत नाही. पुढे ज्यांच्याकडून आम्ही स्टोव्ह घेतला त्यांनी ही ओळ स्वतःहून लिहिली.

नोव्हेंबरच्या मध्याला, पारा फॅरनहाइटच्या विशीत, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या खाली, उतरला त्या दिवशी, दोन पोरं ट्रकमधून स्टोव्ह घेऊन आली. खोका नव्हता. ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणला होता. विचारलं तर म्हणाले, खोका ट्रकमध्ये चढत नाही म्हणून दुकानातच काढला. परमिट कुठे आहे, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, पेलेट स्टोव्हला परमिट लागत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये लागतं. बिल्डिंग खात्याकडून काढावं लागतं, आणि इन्स्पेक्टरने बघितल्याशिवाय स्टोव्ह पेटवायचा नसतो. घराच्या विमा कंपनीलाही तो कागद हवा असतो. मी टाउन हॉलला फोन लावेपर्यंत त्यांनी भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला होता आणि ती निघून गेली होती.

त्या संध्याकाळी नवऱ्याने आणि मी टॉर्च घेऊन स्टोव्ह उघडला. पेटवायचा नव्हताच, फक्त बघायचा होता. पुढचं दार उघडलं. दाराच्या कडेने जी दोरीची गॅस्केट असते ती नव्या स्टोव्हला फुगीर आणि मऊ असते. ही चपटी झालेली, एका कोपऱ्यात काळी चकचकीत. शेजारच्या आजोबांनी शिकवलेली चाचणी केली. एक डॉलरची नोट दारात धरून दार बंद करायचं आणि नोट ओढायची. गॅस्केट चांगली असेल तर नोट अडते. आमची सगळीकडून सहज सरकत बाहेर आली. मग नवऱ्याने भांड्यामागचा पत्रा दोन स्क्रू काढून उतरवला. स्क्रूंच्या खाचा आधीच झिजलेल्या. पत्र्यामागे नळ्यांच्या खालच्या कप्प्यात बोट घातलं तर पेरभर राख. करडी, अगदी बारीक, बोटाच्या रेषांत बसणारी. त्या राखेत एक कडक काचेसारखा खडा सापडला. पेलेटमधली माती आणि खनिजं वितळून असा खडा होतो, त्याला इथे क्लिंकर म्हणतात. स्टोव्ह बरेच दिवस जळल्याशिवाय तो तयार होत नाही.

शेवटी स्टोव्ह भिंतीपासून थोडा तिरका करून पाठीवरची ईपीएची पट्टी वाचली. ही धातूची कायमची पट्टी प्रत्येक प्रमाणित स्टोव्हला लावावीच लागते. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, धुराचं प्रमाण आणि बनवल्याचा महिना-वर्ष असतं. तिथे होतं मार्च २०१९. मॉडेलही आम्ही ऑर्डर केलेलं नव्हतं, आधी नाकारलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सिरियल नंबर घेऊन उत्पादकाच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या बाईंनी नंबर टाकला आणि शांतपणे सांगितलं, या स्टोव्हची वॉरंटी आधीच एका दुसऱ्या मालकाच्या नावावर नोंदवलेली आहे आणि ती नव्या मालकाला मिळत नाही. म्हणजे कुणाच्या तरी घरून परत आलेला स्टोव्ह पुसूनपासून आम्हाला नव्याच्या भावात दिला होता.

त्याच आठवड्यात बिल्डिंग इन्स्पेक्टर येऊन गेले. स्टोव्हकडे त्यांनी नंतर बघितलं, आधी बाहेर जाऊन पाइप बघितला. पाइपचं तोंड जमिनीपासून जेमतेम फूटभर वर होतं आणि बरोबर सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीखाली. उघडणाऱ्या खिडकीखाली धुराचं तोंड साधारण चार फूट तरी दूर ठेवायचं असतं, हे खुद्द स्टोव्हच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. इन्स्पेक्टर म्हणाले, “जानेवारीत इथे बर्फ केवढा साठतो ते तुम्ही बघितलंय ना?” आम्ही बघितलेलं आहे. या राज्यात घराघरात कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सक्तीचे करणारा कायदा आहे, त्याला ‘निकोल्स लॉ’ म्हणतात. २००५ च्या जानेवारीत प्लिमथमध्ये निकोल नावाची सात वर्षांची मुलगी दगावली. घर गरम करणाऱ्या यंत्राचं बाहेरचं तोंड बर्फाखाली गाडलं गेलं होतं आणि विषारी वायू आत साठला. कायदा २००६ मध्ये लागू झाला. जुन्या मालाबद्दल मला राग आला होता. पण त्या फूटभर उंचीच्या पाइपसमोर उभी राहिले तेव्हा हात थरथरले. पैशांची फसवणूक भरून निघते. खिडकीच्या आत झोपणारं माणूस ऐंशीच्या पुढचं आहे, हे त्या पोरांना भोक पाडताना दिसत होतं. सासूबाई खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

मी दुकानात फोन केला तेव्हा मालकाचा आवाजच बदलला. राख कारखान्यातल्या टेस्टची आहे. तारीख पट्टीवर चुकीची छापली असेल. पाइप हवा तर वर सरकवतो, वेगळे सहाशे डॉलर पडतील. शेवटी म्हणाला, “आता सगळीकडे जानेवारीशिवाय कुणी येणार नाही. तुम्ही थंडीत काय करणार आहात?” हे वाक्य मी तारखेसह वहीत लिहिलं. त्याच्या सगळ्या धंद्याचा आधार या एका प्रश्नावर होता. बिलावर शिक्काही होता, ‘अ‍ॅज इज, विक्री अंतिम’, म्हणजे माल आहे तसा घ्या, परत मिळणार नाही. नवऱ्याला वाटलं आता संपलं. पण मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानदाराला घरगुती ग्राहकाला माल ‘अ‍ॅज इज’ विकून हात झटकता येत नाहीत. माल त्याच्या कामासाठी योग्य असल्याची कायद्याने गृहीत धरलेली हमी असा शिक्का मारून काढून घेता येत नाही. तो शिक्का घाबरवण्यापुरताच होता.

इथे ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे, चॅप्टर ९३ए. कोर्टात जाण्याआधी दुकानदाराला मागणीपत्र पाठवायचं असतं: काय घडलं, त्यात फसवणूक कोणती, नुकसान किती, आणि काय हवं आहे. त्याला वाजवी उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. त्याने दिलं नाही आणि कोर्टात जाणूनबुजून केलेली फसवणूक ठरली तर दुप्पट ते तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी त्याच्या अंगावर येऊ शकते. वकील लागत नाही, मी पत्र स्वतः लिहिलं. दोन पानं, विशेषणं एकही नाही. सोबत पट्टीचा फोटो, राखेचा फोटो, पाइपच्या उंचीशेजारी टेप धरून काढलेला फोटो, इन्स्पेक्टरांचा नापासाचा कागद, आणि त्याच्या सहीचा ऑर्डरचा कागद. सर्टिफाइड मेलने पाठवलं, पोचपावतीसह. त्याच दिवशी कार्ड कंपनीकडे अनामतीची रक्कम वादात टाकली. स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत हे लेखी करायचं असतं.

पोचपावती आल्यानंतर लवकरच फोन आला, पुन्हा गोड आवाजात. टनभर पेलेट फुकट देतो म्हणाला. मी नको म्हटलं. मग स्टोव्ह परत नेतो, अनामत परत करतो, भिंत दुरुस्त करून देतो, फक्त एका कागदावर सही करा की दुकानाबद्दल कुठेही काही लिहिणार नाही आणि तक्रार मागे घ्याल. त्या कागदावर मी सही केली नाही. ९३ए च्या मुदतीआधी त्याने अनामत पूर्ण परत केली आणि भिंतीच्या दुरुस्तीचा चेकही पाठवला. स्टोव्ह न्यायला तीच दोन पोरं आली. त्यातल्या धाकट्याने जाताना नवऱ्याला हळूच सांगितलं की त्यालाही परमिटचं काही माहीत नव्हतं. मला ते खरं वाटतं.

तो हिवाळा आम्ही तेलावरच काढला. सासूबाईंच्या खोलीत तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर ठेवला आणि विजेचं बिल भरलं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या दुकानात गेलो. एप्रिलमध्ये दुकानदाराला वेळ असतो, तो तुमच्या घरी येऊन भिंत बघतो. या दुकानाच्या बाईंनी आधी खिडक्या मोजल्या, बर्फ कुठे साठतो ते विचारलं, पाइप बाहेर काढून सरळ वर नेला, परमिट स्वतः काढलं. विजेचं विचारल्यावर म्हणाल्या, “वीज गेली की बंद पडणार.” बॅटरी बॅकअपची किंमत वेगळी लिहून दिली. खोका आमच्या दारात फोडला आणि पट्टीवरची तारीख मला आधी वाचायला लावली. इन्स्पेक्शन पहिल्याच फेरीत पास झालं. पुढच्या वर्षी टॅक्सबरोबर ५६९५ फॉर्म भरून सवलतही मिळाली. आता मे-जूनमध्ये पेलेट भरून ठेवतो, पीएफआयचा, म्हणजे पेलेट उद्योगाच्या संस्थेचा, प्रीमियम शिक्का बघून, म्हणजे राख एक टक्क्याच्या आत. आठवड्याला राख काढणं हे काम नवऱ्याचं, आणि कांड्या कोरड्या आहेत की नाहीत हे बघायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे; प्रत्येक पिशवीतली एक कांडी मोडून बघतात.

एक गोष्ट यंदा घेणाऱ्यांसाठी. ती ३० टक्क्यांची फेडरल सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यानंतर बसवलेल्या स्टोव्हला ती नाही. माझ्या एका मैत्रिणीला गेल्या महिन्यात एका दुकानात अजूनही ‘दोन हजार परत मिळतील’ असं सांगून किंमत पटवायचा प्रयत्न झाला. तिने मला फोन केला, मी तिला लगेच तिथून निघायला सांगितलं, आणि आमच्या दुसऱ्या दुकानाच्या बाईंचा नंबर दिला.